दोन गणवेशांचा मानकरी : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत मराठी पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा ओघानेच राजा सर टी. माधवराव यांचे नाव निघाले. कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेला हा मराठी मुत्सद्दी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. त्यांचे चरित्र इथल्या प्रत्येक मराठी घरात पाठ आहे, त्यात आम्ही नवी भर ती काय घालणार? मग आम्ही संपादकांकडून थोडी सवलत मागून घेतली. माधवरावांनी ज्या बडोद्याची घडी १८७५ पासून पुढे सात वर्षे बसविली, त्याच बडोद्यात पुढील शतकात नावारूपास आलेल्या एका मराठी खेळाडूची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. कुंभकोणमचा दिवाण बडोद्यास जातो आणि पुण्याचा मुलगाही बडोद्यासच जातो. महाराष्ट्राबाहेर नशीब काढणाऱ्या मराठी माणसांच्या वाटा अशाच कुठे तरी एकमेकींस छेदतात.

या विषयाकडे आम्ही वळलो ते मात्र फार लांबच्या रस्त्याने. युद्धकाळात लष्करी गणवेश चढविलेल्या खेळाडूंविषयी काही वाचन आमच्या हातून चालले होते. वेल्समधील कार्डिफ येथे जन्मलेला मॉरिस टर्नबुल हा इंग्लंडकडून क्रिकेटच्या नऊ कसोट्या खेळला आणि वेल्सकडून रग्बीही खेळला. हे दोन्ही मान मिळविणारा तो एकटाच. १९३३ साली ट्विकेनहॅमच्या मैदानावर वेल्सने इंग्लंडला प्रथमच हरविले, त्या संघात तो होता. पुढे वेल्श गार्ड्समध्ये मेजर असताना ५ ऑगस्ट १९४४ रोजी तो नॉर्मंडीत मारला गेला. त्याच सामन्यात त्याच्याबरोबर खेळलेला विल्फ वूलर हा जावामध्ये जपान्यांच्या हाती सापडला आणि सिंगापूरच्या चांगी येथील बंदिवास भोगून परतला. परतल्यावर तो ग्लॅमर्गन संघाचा कप्तान झाला आणि १९४८ साली त्याच्या संघाने इंग्लंडमधील कौंटी स्पर्धा जिंकली. तिसरा हेडली व्हेरिटी. याचे नाव आमच्या मद्रास इलाख्यातील जुन्या क्रिकेटवेड्यांना अनोळखी नव्हते, कारण फेब्रुवारी १९३४ मध्ये चेपॉकवर झालेल्या कसोटीत त्याने एका डावात ४९ धावांत आपले सात गडी टिपले होते. तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत कॅप्टन झाला, सिसिलीत जखमी झाला आणि ३१ जुलै १९४३ रोजी इटलीत कासेर्ता येथे शत्रूच्या कैदेत मरण पावला.

ही नावे टिपून घेत असता आमच्या मनात साहजिकच आले की, देशाचा गणवेश खेळासाठीही घातला आणि सैन्यासाठीही घातला, असा आपल्या मराठी लोकांत कोण? शोधता शोधता जे नाव पुढे आले ते हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचे. आणि योगायोग असा की, त्यांचा जन्मदिवसही ३१ जुलैच! १९१९ साली ते पुण्यास जन्मले. व्हेरिटी गेला त्या दिवशी अधिकाऱ्यांस चोविसावे वर्ष पूर्ण झाले.

येथे एक गोष्ट वाचकांस आधीच सांगितली पाहिजे. टर्नबुल किंवा व्हेरिटी यांच्यासारखी रणभूमीवरील मरणाची कथा या चरित्रात नाही. अधिकारी ८४ वर्षे जगले. युद्धाने त्यांचा प्राण घेतला नाही, त्यांची वर्षे घेतली. आणि महायुद्धाने जी घेतली नाहीत, त्यांतील बरीच पुढे सैन्यातील नोकरीने घेतली. ही गोष्ट ऐकायला तितकी रोमहर्षक नाही. पण सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या आमच्यासारख्यांस ती अधिक जवळची वाटते.

हेमू (सारे क्रिकेटजगत त्यांस याच नावाने ओळखी) हे रणजी करंडक स्पर्धेत प्रथम खेळले ते १९३६-३७ च्या हंगामात, गुजरातकडून. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानचा स्वतंत्र संघ या स्पर्धेत उतरला आणि अधिकारी त्या संघाचे झाले. गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास मल्लविद्या, संगीत आणि चित्रकला जशी बहरली तसेच क्रिकेटही बहरले. मोतीबागेचे मैदान, राजवाड्याची सावली आणि संघात एकाहून एक सरस खेळाडू. सांगलीचे विजय हजारे तिथे आले, लाहोरकडचे गुल महमद आणि अमीर इलाही आले. मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदू, मुसलमान असा हा मेळा एका संस्थानिकाच्या छत्राखाली खेळत असे. या अमीर इलाहींची वाचकांनी आठवण ठेवावी, पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

आता काळाचा हिशेब पाहावा. हिंदुस्थानचा संघ ऑगस्ट १९३६ मध्ये इंग्लंडात ओव्हलवर कसोटी खेळला. त्यानंतरची कसोटी जून १९४६ मध्ये झाली. मधली जवळजवळ दहा वर्षे कोरी गेली, आणि त्यांतील सहा महायुद्धाने गिळली. अधिकारी सतरा वर्षांचे असताना जे दार लोटले गेले, ते उघडले तेव्हा त्यांस सव्विसावे सरले होते. ज्या वयात फलंदाजाचे पाय चपळ असतात आणि नजर तीक्ष्ण असते, ते सारे वय देशांतर्गत सामन्यांतच खर्ची पडले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडलेल्या संघातही त्यांचे नाव नव्हते.

शेवटी संधी आली ती १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. देशाची फाळणी नुकतीच झालेली, निर्वासितांचे लोंढे वाहत होते, संघात निवडलेले काही खेळाडू ऐन वेळी येऊ शकले नाहीत. विजय मर्चंट नाहीत, मुश्ताक अली नाहीत, रूसी मोदी नाहीत. फझल महमूद तर नव्या देशाचा नागरिक झालेला. असा अर्धामुर्धा संघ घेऊन लाला अमरनाथ ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाशी लढावयास गेले. स्वतंत्र भारताची पहिली कसोटी २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिस्बेन येथे सुरू झाली आणि त्याच सामन्यात हेमू अधिकारी कसोटीपटू झाले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ब्रॅडमनने १८५ धावा केल्या, मग पाऊस पडला आणि चिखलमय खेळपट्टीवर आपला संघ ५८ व ९८ धावांत कोसळला. पदार्पणासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

त्या दौऱ्यातील ॲडलेडची कसोटी मात्र आम्हांस फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता. हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या डावात लिंडवॉल एकामागून एक गडी टिपीत असता हजाऱ्यांस साथ कोणी दिली, हे फारसे कोणी विचारीत नाही. ती साथ अधिकाऱ्यांची होती. त्यांनी ५१ धावा केल्या आणि सातव्या गड्यासाठी दोघांनी १३२ धावांची भर घातली. बडोद्याच्या मोतीबागेतील ते दोन मराठी सोबती सातासमुद्रापलीकडे जगातील सर्वांत वेगवान गोलंदाजासमोर पाय रोवून उभे होते. सामना गेलाच. पण अधिकाऱ्यांच्या खेळाची जात त्या दिवशी दिसली. मागे भिंत आली, पुढे वाट राहिली नाही, की हा माणूस खेळू लागे.

याचा पडताळा पुढल्याच वर्षी दिल्लीस आला. नोव्हेंबर १९४८ मध्ये फिरोजशहा कोटला मैदानावर पहिल्यांदाच कसोटी झाली. समोर वेस्ट इंडीज. त्यांच्या एकट्या डावात वॉलकॉट, गोमेझ, वीक्स आणि ख्रिस्तियानी अशी चार शतके झाली आणि धावसंख्या ६३१ वर गेली. उत्तरादाखल भारताने ४५४ केल्या, त्यांत अधिकारी नाबाद ११४. कसोटीतील त्यांचे हे एकमेव शतक. इतके होऊनही फॉलो-ऑन टळला नाही आणि दुसऱ्या डावात पुन्हा पडझड सुरू झाली, तेव्हा अधिकारी पुन्हा उभे राहिले, पुन्हा नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित राखला गेला. याच मालिकेत जानेवारी १९४९ मध्ये ते मद्रासेस खेळले. त्या सामन्यात आपण एक डाव व १९३ धावांनी हरलो, तेव्हा मद्रासकरांना त्यांची खरी ओळख पटण्यासारखे काही घडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९४९-५० च्या हंगामापासून सेनादलांचा संघ रणजी स्पर्धेत उतरू लागला आणि अधिकारी बडोदे सोडून त्या संघाकडून खेळू लागले. येथून त्यांच्या क्रिकेटचा सारा हिशेब बदलला. आजच्या वाचकास हे समजावून सांगणे थोडे कठीण आहे. क्रिकेट हा त्या काळी कोणाचाच पोट भरण्याचा धंदा नव्हता. कोणी संस्थानिकाचा आश्रित, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत. खेळायला जायचे तर रजा मिळाली पाहिजे. त्यातून नोकरी सैन्यातील. तिथे बदली, हुकूम आणि पलटणीचे काम यांच्यापुढे बाकी सारे दुय्यम. रजेच्या अर्जावर साहेबांची सही कधी होते, याची वाट पाहणे म्हणजे काय हे आम्हां सरकारी नोकरांस कोणी शिकवायला नको! तथापि आमची रजा लग्नकार्यासाठी किंवा गावच्या जत्रेसाठी, यांची देशाकडून खेळण्यासाठी.

आम्ही जुने धावफलक समोर ठेवून एक तक्ता मांडून पाहिला. अधिकाऱ्यांच्या पहिल्या कसोटीपासून अखेरच्या कसोटीपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर १९४७ ते फेब्रुवारी १९५९ या काळात, भारत एकूण ४७ कसोटी सामने खेळला. त्यांपैकी अधिकारी २१ खेळले. निम्म्याहूनही कमी. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ते नाहीत, १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात नाहीत. मालिका येतात, जातात, आणि त्यांच्या नावापुढील रकाना रिकामा राहतो. मग अचानक एका सामन्यात ते उगवतात, आणि बहुधा तो सामना अडचणीचा असतो. या २१ कसोट्यांत मिळून त्यांनी ८७२ धावा केल्या, सरासरी ३१ च्या थोडी वर. प्रथम दर्जाच्या सर्व सामन्यांत मात्र त्यांच्या धावा आठ हजारांवर आहेत आणि सरासरी ४१ हून अधिक. या दोन सरासरींमधील दहा धावांचे अंतर कशामुळे पडले, हे आकडे सांगत नाहीत. अखंड खेळण्याची संधी मिळाली असती तर ते बरेच कमी झाले असते, असे आमचे मत आहे. अर्थात हे मतच.

त्यांच्या क्षेत्ररक्षणाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या काळी आपल्याकडे क्षेत्ररक्षण म्हणजे फलंदाजी व गोलंदाजी यांच्या मध्ये नाइलाजाने करावयाचे काम समजले जाई. चेंडू पायाने अडविणारे, वाकायला कंटाळणारे खेळाडू संघात सर्रास असत. अधिकारी कव्हरच्या जागी उभे राहत आणि तेथून धाव चोरणे ही प्रतिस्पर्ध्यांस जोखमीची गोष्ट वाटे. आपल्या देशातील सर्वोत्कृष्ट क्षेत्ररक्षकांत त्यांची गणना तेव्हाही होत असे. ही आवड पुढे त्यांनी इतरांच्या अंगी कशी बाणविली, ते पुढे येईलच.

१९५२ साल त्यांच्या आयुष्यात दोन टोकांचे आले. उन्हाळ्यात ते इंग्लंड दौऱ्यावर गेले. १९ जुलै रोजी मँचेस्टर येथे भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात आटोपले, ५८ आणि ८२ धावांत. तरुण ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत आठ गडी बाद केले. अधिकारी त्या संघात होते, ती मानहानी त्यांनी जवळून पाहिली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९५२ रोजी, दिल्लीस भारत आणि पाकिस्तान यांच्यातील पहिली कसोटी सुरू झाली.

त्या सामन्याचे महत्त्व केवळ खेळाचे नव्हते. फाळणीस पाच वर्षे झालेली, काश्मीरच्या युद्धाचा विराम होऊन चौथे वर्ष चालू. दिल्लीत पंजाबातून आलेले निर्वासित नुकते कुठे स्थिरावू लागलेले. आणि आपल्या संघात एक लष्करी अधिकारी बॅट घेऊन मैदानात उतरतो, तेव्हा समोर चेंडू टाकायला कोण? तर त्याचाच बडोद्याचा जुना सोबती अमीर इलाही! १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हे दोघे भारताच्या एकाच संघातून गेले होते, सिडनीच्या कसोटीत एकत्र खेळले होते. आता अमीर इलाहींच्या अंगावर पाकिस्तानचा पोशाख होता. राज्यकर्त्यांनी नकाशावर ओढलेली रेघ मोतीबागेच्या खेळपट्टीपर्यंत येऊन पोहोचली होती, ती अशी.

भारताचे नऊ गडी बाद झाले तेव्हा धावसंख्या २६३ होती. अखेरचा फलंदाज हैदराबादचा गुलाम अहमद, गोलंदाज म्हणून उत्तम, फलंदाज म्हणून यथातथाच. अधिकाऱ्यांनी त्यास जोडीला घेऊन खेळ सुरू केला. अमीर इलाहींनी त्या डावात चार गडी बाद केले, पण ही जोडी हलता हलेना. गुलाम अहमदने ५० केल्या, अधिकारी नाबाद ८१ राहिले आणि अखेरच्या गड्याने १०९ धावा जोडल्या. डाव ३७२ वर संपला. मग विनू मांकडने दोन्ही डावांत मिळून तेरा गडी टिपले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी विजय मिळविला. विजयाचे श्रेय मांकडचे हे निर्विवाद. पण डावाच्या फरकाने जो विजय मिळाला, त्यातील ७० धावा आणि अखेरच्या जोडीच्या १०९ धावा वाचकांनी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

यानंतरची काही वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. सेनादलांच्या संघाचे नेतृत्व अधिकाऱ्यांकडे आले. पलटणीपलटणींतून गोळा केलेल्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना घेऊन त्यांनी असा संघ बांधला की, मुंबईसारख्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. त्यांत पुण्याचे चंदू गडकरी होते, वेगवान गोलंदाज सुरेंद्रनाथ होते. १९५६-५७ मध्ये हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून हरला. पुढल्या वर्षी तो पुन्हा अंतिम सामन्यात आला. यावेळी समोर बडोदे, आणि मैदान मोतीबागेचेच! ज्या मैदानावर अधिकारी वाढले, त्याच मैदानावर त्यांच्या संघाचा एका डावाने पराभव झाला. सैन्याने रणजी करंडकाच्या इतक्या जवळ जाणे त्यानंतर पुन्हा घडलेले नाही.

आता १९५८-५९ चा हंगाम. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात इतका गोंधळाचा हंगाम क्वचितच सापडेल. वेस्ट इंडीजचा संघ आला होता. त्यांच्याकडे हॉल आणि गिलख्रिस्ट हे दोन विलक्षण वेगाचे गोलंदाज. मुंबईच्या पहिल्या कसोटीत कप्तान पॉली उमरीगर. कानपूर आणि कलकत्ता येथे कप्तान गुलाम अहमद. कलकत्त्यास कन्हायने २५६ केल्या, आपण एक डाव व ३३६ धावांनी हरलो आणि गुलाम अहमदने निवृत्तीच जाहीर केली. मद्रासच्या चौथ्या कसोटीसाठी पुन्हा उमरीगर नेमले गेले. पण संघनिवडीच्या वादावरून सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी कप्तानपद सोडले, आणि सकाळी विनू मांकड कप्तान म्हणून नाणेफेकीस गेले. तो सामनाही २९५ धावांनी गेला. आमच्याकडील काही वडीलधारी मंडळी तो सामना पाहण्यासाठी रात्रीच्या गाडीने मद्रासेस गेली होती. कोण कप्तान आहे हे त्यांना स्टेडियममध्ये बसल्यावर कळले, असे ती सांगत असत.

चार सामन्यांत तीन कप्तान झाले. पाचव्यासाठी निवड समितीने ज्यास बोलाविले, तो या मालिकेत एकही सामना खेळलेला नव्हता. एकोणचाळीस वर्षांचे हेमू अधिकारी. पडत्या घराला टेकू लावावा तसा प्रकार. दुसरा कोणी असता तर जिंकण्याची आशा नसलेल्या सामन्यात, भांडणाने पोखरलेल्या संघाचे आणि तेही एकाच सामन्यापुरते नेतृत्व घ्यावयास तो दहा वेळा विचार करता. अधिकारी आले.

६ फेब्रुवारी १९५९ रोजी दिल्लीस, त्यांच्या त्याच कोटला मैदानावर, सामना सुरू झाला. भारताने ४१५ धावा केल्या. पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी १०९ केल्या, नरी काँट्रॅक्टरच्या ९२ झाल्या, उमरीगरांच्या ७६ आणि कप्तानाच्या स्वतःच्या ६३. हॉल-गिलख्रिस्टच्या माऱ्यापुढे त्या मालिकेत इतकी धावसंख्या भारताने दुसऱ्या कोठल्याही डावात केली नव्हती. वेस्ट इंडीजने आठ बाद ६४४ करून डाव सोडला. त्यांत अधिकाऱ्यांनी आपली फिरकी टाकून तीन गडी बाद केले. दुसऱ्या डावात बोर्डे ९६ वर असता स्वतःच यष्टीवर आदळून बाद झाले, अधिकाऱ्यांनी ४० केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. सलग तीन पराभवांनंतर संघ ताठ मानेने मैदानाबाहेर आला. एका सामन्यात १०३ धावा आणि तीन बळी. कप्तान म्हणून याहून अधिक काय करावयाचे असते?

पुढील उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. कप्तान दुसरे नेमले गेले. अधिकारी कसोटी पुन्हा कधी खेळले नाहीत. त्या दौऱ्यात भारत पाचही कसोट्या हरला. संकटात ज्यास हाक मारावयाची, संकट टळल्यासारखे वाटताच त्यास विसरावयाचे, ही आमच्याकडील संस्थांची रीत जुनी आहे. तिचा राग धरून बसणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. अधिकारी मैदानावर परत येत राहिले, आता प्रशिक्षक म्हणून.

१९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाबरोबर ते व्यवस्थापक म्हणून इंग्लंडास गेले. व्यवस्थापक या शब्दाने वाचकांची दिशाभूल होऊ नये. त्या काळी व्यवस्थापक म्हणजे सामानाच्या पेट्या मोजणारा, जेवणांची आमंत्रणे स्वीकारणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस. कर्नलसाहेबांनी ते काम कवायतीचे केले. सकाळचे धावणे, व्यायाम, आणि झेल, झेल, पुन्हा झेल. खेळाडू कुरकुरले असतील. लष्करी शिस्त सगळ्यांना रुचते असे नाही. पण बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीस ज्याची नितांत गरज होती, ते फलंदाजाच्या अगदी नाकासमोरचे क्षेत्ररक्षण या संघाजवळ होते. सोलकर, वाडेकर, अबिद अली, स्वतः वेंकटराघवन यांच्या हातांतून झेल निसटत नव्हते.

२४ ऑगस्ट १९७१, गणेशचतुर्थी. लंडनच्या ओव्हल मैदानावर त्या दिवशी आपल्या लोकांनी बेला नावाची हत्तीण आणली होती. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले होते, आणि मद्रासच्या वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर सोलकरने ॲलन नॉटचा झेल जमिनीवर झोकून देऊन घेतला होता. तो झेल आजही छायाचित्रांतून दिसतो. जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. सकाळी वाडेकर धावचीत झाले, पण सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनिअर यांनी डाव सावरला आणि अबिद अलीच्या चौकाराने विजय पूर्ण झाला. १९३२ पासून भारत इंग्लंडात कसोट्या खेळत होता. तेथे जिंकलेला हा पहिला सामना आणि पहिली मालिका. मँचेस्टरच्या त्या ५८ आणि ८२ धावांच्या दिवशी संघात असलेला माणूस या वेळी ओव्हलच्या सज्ज्यात होता, ही गोष्ट त्या दिवशीच्या जल्लोषात कोणाच्या ध्यानी आली असेल किंवा नसेल. आम्हांस मात्र या सबंध चरित्रातील ती सर्वांत सुखाची घटना वाटते.

परंतु चरित्र लिहिताना सुखाच्या घटनेवर थांबण्याची मुभा नसते. १९७४ मध्ये तेच कप्तान, तेच व्यवस्थापक पुन्हा इंग्लंडला गेले. तिन्ही कसोट्या गेल्या. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सबंध संघ ४२ धावांत बाद झाला आणि एक डाव व २८५ धावांनी पराभव पदरी आला. तीन वर्षांपूर्वी ज्यांची मिरवणूक निघाली होती, त्या वाडेकरांस इतके ऐकून घ्यावे लागले की, त्यांनी खेळच सोडला. व्यवस्थापकही टीकेतून सुटले नाहीत. विजयाच्या वेळी ज्या शिस्तीचे कौतुक झाले, तीच आता जाच ठरली. आमच्या मते शिस्त दोन्ही वेळा सारखीच होती. मे-जूनचा थंड, ओला हवामान, वेगवान गोलंदाजांस साथ देणाऱ्या खेळपट्ट्या आणि संघातील रुसवेफुगवे यांवर सकाळच्या धावण्याचा इलाज चालत नाही.

यानंतर त्यांनी उदयोन्मुख खेळाडूंसाठी प्रशिक्षण शिबिरे घेतली. ऐंशीच्या दशकात देशास मिळालेल्या मोठ्या खेळाडूंपैकी काहीजण पोरवयात या शिबिरांतून गेले होते. तिथे प्रथम धावायला लागे, मग झेल घ्यायला लागे, आणि बॅट हातात यायला दुपार व्हायची. आज भारताचा तरुण खेळाडू सीमारेषेवर जिवाच्या कराराने झेप घेतो, तेव्हा त्यात आश्चर्य करण्यासारखे कोणास काही वाटत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कव्हरला उभ्या असलेल्या त्या सडपातळ माणसाचे तसे करणे हा मात्र अपवाद होता.

लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत निवर्तले. गुलाम अहमद त्यांच्या आधी पाच वर्षे, १९९८ मध्ये, गेले होते. दिल्लीस या दोघांनी अखेरच्या गड्यासाठी जोडलेल्या १०९ धावा हा भारताचा विक्रम तेव्हाही अबाधित होता. तो मोडला डिसेंबर २००४ मध्ये, ढाका येथे, सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा जोडल्या तेव्हा. त्या दिवशी वृत्तपत्रांत जुन्या विक्रमाचा उल्लेख करताना दोन नावे पुन्हा छापली गेली, आणि अनेक घरांत मुलांनी वडिलांस विचारले असेल की, हे अधिकारी कोण?